रणदिवे आणि मनुकांचं पाणी

"थांबा! कोणी पिऊ नका! खाली ठेवा ते प्याले! पाळकसाहेब, गिळू नका, गिळू नका!"

रणदिवे ओरडत होते. आता रणदिवे ओरडत होते यात नवल काहीच नाही. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत ते आमच्या बरोबर डोक्यावर राहायचे, आणि त्यांनी नुसतं "अच्छा?" म्हटलं तरी पार तिकडे हिंदूरावच्या टेकडीवर हॉस्पिटलातले पेशंट दचकून उठून बसायचे. मी वाढवून सांगत नाही. कमीच सांगतोय. पण हे ओरडणं भर उपासनेत चाललं होतं, आणि तेही प्रभुभोजनाच्या वेळी, जेव्हा छताचा पंखासुद्धा जरा अदबीने फिरतो. आणि ओरडण्याआधी रणदिव्यांनी खाली वाकून तोंडातला पवित्र घोट पचकन थुंकला होता. कुठे? तर माझ्या डग्ग्यावर.

मी केळकर. माझा डग्गा तिथे काय करत होता, हे आधी सांगायला हवं. दिल्लीतली मराठी ख्रिस्ती मंडळी महिन्यातून एकदा रविवारी दुपारी जमायची. चर्च दुसऱ्यांचं, हिंदी उपासना आटोपली की उसनं मिळायचं. या नगर जिल्ह्याकडच्या मंडळींची भजनं अगदी आपल्या अभंगाच्या चालीची, त्यांना तबल्याशिवाय चैन पडत नाही, आणि दिल्लीत मराठी गाणं समजून वाजवणारा तबलजी मिळणं म्हणजे चांदणी चौकात उकडीचा मोदक मिळण्यापैकी. तेव्हा रणदिव्यांनी मला जिना उतरताना पकडलं. "केळकर, तुझा देव तुला काही म्हणणार नाही, माझा तर थँक यू म्हणेल. चलो." तेव्हापासून मी दर महिन्याला त्यांच्याबरोबर जायचो, कोपऱ्यात सतरंजीवर बसायचो, वाजवायचो, आणि भाकरीचा तुकडा व द्राक्षरसाचा इवलासा काचेचा प्याला हातोहात फिरू लागला की गप्प बघत राहायचो. सगळ्यांच्या हातात प्याला पोचला की पाळकसाहेब प्रभूच्या रक्ताची आठवण करून द्यायचे आणि सगळे एकदम प्यायचे. तो घोट थुंकायचा नसतो, एवढं मलासुद्धा कळत होतं.

चर्चमधल्या प्रत्येकाला त्या क्षणी एकच वाटलं. रणदिव्यांचं पिणं पुन्हा सुरू झालं.

शमुवेल रणदिवे हे जन्माने ख्रिस्ती आणि एके काळी आचरणाने रमचे परमभक्त. सरकारी नोकरी, हेड क्लार्कचं पद, तब्येत पहिलवानाची. आणि खरं सांगायचं तर प्यायचे तेव्हा कॉलनीचे लाडके होते. प्यायले की गायचे. जिन्यात भेटेल त्या पोराला गोळ्या वाटायचे, भेटेल त्या म्हाताऱ्याच्या पाया पडायचे आणि सकाळी दारोदार जाऊन माफी मागायचे, ती इतकी गोड मागायचे की लोकांना वाटायचं, आज रात्रीही यांनी प्यावी. त्रास एकट्या सुलभावहिनींना होता. त्या बोलत काहीच नव्हत्या. त्या मुळात कमी बोलायच्या. नवरा सगळ्या घराचं बोलून घ्यायचा.

सुटली ती पानिपतच्या सहलीत. आमच्या मराठी मंडळाची बस दर जानेवारीत काला अंबला जायची. स्मारकाला हार घालायचा, दोन भाषणं ऐकायची, डब्यातली गूळपोळी खायची आणि थंडीने कुडकुडत परत यायचं. त्या वर्षी रणदिवे सकाळपासूनच 'गरम' होते. अध्यक्षांचं भाषण चालू असताना ते चौथऱ्यावर चढले आणि भाऊसाहेबांना उद्देशून म्हणाले, "मला का नाही नेलंत बरोबर?" मग ढसाढसा रडले, समोरच्या मोहरीच्या शेतात शिरले आणि त्या पिवळ्या फुलांत दिसेनासे झाले. आम्ही हाका मारमारून घसे बसवले. शेवटी ड्रायव्हर कुरकुरायला लागला तेव्हा सुलभावहिनी खिडकीजवळच्या आपल्या सीटवरून, भाजी चिरायला सांगावी तशा आवाजात म्हणाल्या, "बस सोडा."

आणि बस सुटली.

दुसऱ्या दिवशी रणदिवे परतले. मधल्या रात्री काय झालं, हे ते प्रत्येकाला वेगळं सांगायचे. पहिल्या वर्षी म्हणायचे, शेतात पडल्या पडल्या आवाज ऐकू आला. पुढच्या वर्षी आवाजाबरोबर उजेडही आला. त्यानंतर तर जी. टी. रोडवर साक्षात प्रभूंनी ट्रक थांबवून लिफ्ट दिली, आणि ट्रक पंजाबच्या नंबरचा होता. आता गप्पा फुगवण्यात मीही काही कच्चा नाही, त्यामुळे दुसऱ्याची हवा किती काढायची ते मला कळतं. खरं एवढंच असावं, की एका म्हाताऱ्या जाटाने त्यांना आपल्या ट्यूबवेलच्या खोलीत झोपवलं, पहाटे शुद्धीवर आल्यावर त्यांना ती निघून जाणारी बस आठवली, आणि लहानपणी पाठ केलेली प्रार्थना ते आयुष्यात पहिल्यांदा अर्थ लावून म्हणाले. त्या दिवसापासून दारूचा थेंब नाही.

आणि त्या दिवसापासून आमचे हाल सुरू झाले!

लोकांना वाटतं, माणूस देवाला लागला की शांत होतो. बिल्कुल नाही. रणदिवे संध्याकाळी सहाला ऑफिसातून यायचे आणि एके काळी बाटली उघडायची त्याच वेळेला गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बसून देवाशी भांडायला लागायचे. हात जोडून, डोळे मिटून, अस्सल नगरी मराठीत. "देवबापा, तू समुद्र दुभंगलास, म्हातारीला पोर दिलंस, मेलेला माणूस उठवलास. अन् माझ्या एका घशाचं तुझ्याच्यानं काही होईना? बाटली घेतलीस, ते झ्याक केलंस. मग तहान कशाला ठेवलीस माझ्याजवळ? ती पण घेऊन जा की! नाही घेत? बरं. मग सात वाजू दे. मला काय चमत्कार नको. फक्त सात वाजू दे."

हे रोज. आम्ही खाली रेडिओ मोठा करायचो, ते वर देव मोठा करायचे. समोरच्या ब्लॉकमधले चढ्ढासाहेब एकदा खालून ओरडले, "रणदिवेजी, आपका भगवान ऊंचा सुनता है क्या?" रणदिवे वरून म्हणाले, "वो तो ठीक सुनता है, चढ्ढासाब. मेरा गला नहीं सुनता."

सात वाजले की ते "आमेन" म्हणायचे, ते मात्र हळू, आणि आमच्याकडे चहाला उतरायचे. शर्ट घामाने चिंब झालेला असायचा. डिसेंबरातसुद्धा.

बरं, स्वतःची सुटली तर सुटली, या माणसाला दुसऱ्याचीही बघवेना. चढ्ढासाहेबांच्या मुलीच्या लग्नात शामियान्यामागे ठेवलेल्या रमच्या बाटल्या यांनी एकेक करून कुंड्यांत ओतल्या. त्यातला एक क्रोटन पुढे आठवडाभर वाऱ्याशिवाय डुलत होता आणि त्याच्यावर बसणारी मधमाशी भलत्याच घरी जात होती. मी कमीच सांगतोय. चढ्ढासाहेब सहा महिने बोलले नाहीत. कॉलनीत जो तो म्हणायचा, "पीते थे तो अच्छे थे, यार."

आणखी एक वैताग म्हणजे त्यांचा श्वास. दारू सोडल्यावर रोज संध्याकाळी सुलभावहिनी दारात उभ्या राहायच्या. रणदिवे त्यांच्या तोंडासमोर "हाः" करायचे, त्या वास घ्यायच्या आणि बाजूला व्हायच्या. जकात नाक्यावर ट्रक सोडतात तसं. पहिल्या आठवड्यात हे ठीक होतं, पण वर्षं गेली तरी नाका उठेना. मग रणदिव्यांना सवयच लागली. ते भेटेल त्याच्या तोंडावर "हाः" करायचे. माझ्या, पोस्टमनच्या, बसच्या कंडक्टरच्या. एकदा नवीन आलेल्या अंडर सेक्रेटरींच्या तोंडावर केलं, तेव्हा ते गृहस्थ खुर्चीसकट मागे सरकले होते. रणदिवे पान खात नसत, बडीशेप खात नसत, वेलदोड्याला तर विंचवासारखे भ्यायचे. "केळकर, वेलदोडा कोण खातं? ज्याला वास लपवायचाय तो!" बस स्टॉपवरून सरळ आलं तर घर पाच मिनिटांवर, पण वाटेत दारूचं दुकान लागतं म्हणून हा माणूस अख्ख्या मार्केटमधून वळसा घालून, बायकांच्या कपड्यांच्या ढिगांमधून धक्के खात यायचा.

"ही अजून वास घेते रे," ते माझ्यापाशी वैतागायचे. "देव म्हणतो, तुझी पापं मी समुद्रात टाकली. ही त्या समुद्राच्या काठावर बसून आहे. कधी भरवसा ठेवणार ही? मी मेल्यावर?"

मी म्हणायचो, "चहा गार होतोय."

तर असा हा माणूस चर्चच्या मंडळीत परतला आणि प्रभुभोजनात अडकला. दिल्लीत त्या उसन्या चर्चच्या रिवाजाने प्याल्यात खरीखुरी वाइन असायची. रणदिवे भाकर घ्यायचे आणि प्याल्याचं तबक न पिता पुढे सरकवायचे. लगेच कुजबुज. मनात काळंबेरं असल्याशिवाय प्रभूचा प्याला कोण सोडतो? म्हणजे बघा, घेतला तर दारुडा, नाही घेतला तर पापी. मंडळीच्या सभेत त्यांनी विनंती केली, मग भांडण केलं, मग नुसता आरडाओरडा केला. पंच बनसोडे आडवे आले. हे रेल्वेतून निवृत्त झालेले, आजही माणसाकडे तिकीट मागितल्यासारखे बघायचे. म्हणाले, "एका माणसाच्या घशापायी अख्ख्या मंडळीचा प्याला बदलायचा?"

शेवटी पाळक थोरातसाहेबांनी, जे म्हातारे होते आणि ज्यांना अर्धं भांडण ऐकूच आलं नव्हतं, निकाल दिला. "अहो, आपल्याकडे खेड्यापाड्यांत मनुकांचं पाणीच वापरायचे. सुलभाबाई करून देतील."

सुलभावहिनींनी करून दिलं. काळ्या मनुका धुऊन, चांगल्या उकळून, गाळून, गार करून. त्या रविवारी रणदिव्यांनी प्याला घेतला. काच दातांवर वाजली. प्यायल्यावर ते बसून राहिले. पुढचं भजन सुरू झालं तरी गायले नाहीत. रणदिव्यांना गप्प बसलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढे वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग ऐन जूनमध्ये सुलभावहिनी जिन्यावरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. रणदिवे म्हणाले, "या खेपेला पाणी मी करतो."

"उकळा नीट," वहिनी पलंगावरून म्हणाल्या.

"प्रभूने काय उकळून दिला होता?"

उत्साह दांडगा. रविवारचं पाणी यांनी बुधवारीच घातलं. उकळलं नाहीच. चव यावी म्हणून वर साखर ओतली, आणि बरणीला फडकं बांधून ती गॅलरीत, दिल्लीच्या जूनमध्ये, कूलरच्या उन्हाने तापलेल्या पत्र्याला टेकवून ठेवली. रोज कौतुकाने लाकडी डावाने ढवळत होते. कूलरसमोर झोपून सर्दी अशी झाली होती की नाकाच्या जागी नुसतं बूच होतं. शनिवारी मला म्हणाले, "केळकर, काय रसरसलंय बघ! बुडबुडे येतायत. आशीर्वाद आहे." मी लांबूनच मान हलवली. तबल्याला पुडी घालायची होती, मला कुठला वेळ.

आणि रविवारी तो आशीर्वाद सगळ्यांच्या हातात पोचला.

रणदिव्यांचं नाक बंद होतं, पण जीभ उघडी होती. पहिल्या थेंबाला जिभेने ओळखलं. पुढचं मी सांगितलंच आहे: थुंकणं, ओरडणं, माझा डग्गा. पाळकसाहेबांचा प्याला तोवर रिकामा झाला होता. ओठ पुसत ते म्हणाले, "आज जरा आंबूस आहे, पण ठीक आहे की."

बनसोडे ताडताड आले. रणदिव्यांच्या तोंडाशी नाक नेलं. "वास येतोय! दारूचा!"

"प्याल्याचा येतोय!" रणदिवे किंचाळले. "तुमचा स्वतःचा प्याला हुंगा ना!"

बनसोड्यांनी हुंगला. "म्हणजे प्याल्यातच दारू आणलीत! घरी गाळून! देवाच्या टेबलावर गुत्ता मांडलात, रणदिवे!"

"आंबलं असेल हो उन्हानं," मी म्हणालो.

"तुम्ही तबला बघा."

तबला काय बघायचा? डग्ग्याच्या शाईवर तळं साचलं होतं. रणदिव्यांनी उकळलं नाही हे सांगितलं, साखर सांगितली, कूलर सांगितला. जितकं खरं सांगत होते तितके लोक मागे सरकत होते, कारण सांगणाऱ्याच्या तोंडाला वास येत होता. वास सगळ्यांच्याच तोंडाला येत होता, पण सांगत होते एकटे रणदिवे. बनसोडे म्हणाले, "मी आत्ता जाऊन वहिनींच्या कानावर घालतो. त्या माउलीला कळू दे," आणि स्कूटरला किक मारून निघालेसुद्धा.

आम्ही रिक्षा पकडली. माझ्या मांडीवर ओला डग्गा, शेजारी रणदिवे.

"केळकर, सगळं थुंकलो ना मी? तू पाहिलंस ना?"

"बघा की. अर्धा पेला तर इथेच आहे."

"एखादा थेंब गेला असेल."

"गेला तर गेला."

"गेला तर गेला नाही रे!" रिक्षावाल्याने वळून बघितलं. "जिभेने ओळखलं. इतकी वर्षं झाली, तरी चटकन ओळखलं. जुना सोबती जिन्यात भेटावा तसं. अजून इथे बसलंय. अन् सुलभा वास घेणार. इतकी वर्षं ती घेत होती तेव्हा वास नव्हता. आज आहे. काय सांगू मी तिला? बनसोडे आधी पोचणार."

वळण आलं. नेहमीचा वळसा डावीकडे मार्केटकडून, सरळ रस्ता दारूच्या दुकानावरून. रिक्षावाल्याने विचारलं, "किधर से, साब?"

रणदिव्यांनी दोन्ही हातांनी पुढची दांडी धरली. "सीधा. जल्दी."

दुकान उघडं होतं, आणि समोर गर्दी इतकी, की रिक्षा बरोबर तिथेच थांबली. रणदिव्यांनी डोळे गच्च मिटले आणि सुरू केलं, "देवबापा, हा रस्ता तूच दाखवलास, आता हलव ही रिक्षा! हलव म्हणतो ना! तुला माझीच परीक्षा घ्यायची असते का रे? बनसोड्यांची घे की एकदा!"

"साब, मुझसे कह रहे हैं?" रिक्षावाला घाबरून म्हणाला.

"तुमसे नहीं," मी म्हणालो. "लेकिन हटा सकते हो तो हटा लो."

त्याने हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या, आणि रिक्षा हलली. रणदिव्यांनी घर येईपर्यंत डोळे उघडले नाहीत. शर्ट चिंब झाला होता.

पुढे ते निवृत्त होऊन नगरला गेले आणि शेवटपर्यंत प्यायले नाहीत, असं मी ऐकलं. पण रणदिवे म्हटलं की मला नगरचे आठवत नाहीत. आठवतात ते त्या दुपारी जिना चढणारे, रविवारचा कोट घातलेले, नाक चोंदलेले, तोंडाला वास येणारे.

वर दार उघडं होतं. बनसोडे आधीच पोचले होते, आणि त्यांचं सांगून झालं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. सुलभावहिनी दारातच स्टुलावर बसल्या होत्या, प्लास्टरचा पाय उंबऱ्यावर आडवा. नाका बंद.

"आलेच बघा," बनसोडे म्हणाले. "माझ्यावर विश्वास नसेल तर वहिनी, तुम्ही स्वतःच वास घ्या."

रणदिवे त्यांच्यासमोर वाकले. "हाः."

वहिनी पुढे झुकल्या नाहीत.

"घे ना!" रणदिव्यांचा आवाज फुटला. "रोज घेतेस ना? आज आहे वास! आजच घे! मग मी सांगतो काय झालं ते. पण आधी घे, सुलभा, नाहीतर हा माणूस म्हणेल मी चुकवलं. हाः! हाः! अगं, घे ना वास!"

सुलभावहिनींनी आधी बनसोड्यांकडे पाहिलं, मग माझ्या काखेतल्या त्या ओल्या डग्ग्याकडे. मग दोन्ही हातांनी आपला प्लास्टरचा पाय उचलून बाजूला ठेवला.

"आत या," त्या म्हणाल्या. "कढी गार होतेय, आणि पुन्हा तापवली की फुटते."